सरकारी शाळा पहिलीच्या तीन वर्षं आधीच हरते

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे शाळाप्रवेश म्हणजे जून, असं आपण धरून चालतो. महापालिकेच्या शाळेपुरतं ते खरं आहे. पण जठारपेठेतून एक चक्कर मारा. प्ले-ग्रुप, नर्सरी, के.जी. वन, के.जी. टू अशा पाट्या, त्यावर कार्टूनची चित्रं आणि 'प्रवेश सुरू'चे बॅनर जूनच्या कितीतरी आधी लागलेले असतात. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे : 'कॉन्व्हेंट'. त्याचा मिशनरी शाळेशी किंवा ननशी काही संबंध असावा लागत नाही. इंग्रजी नाव, टाय असलेला गणवेश आणि दारात येणारी व्हॅन असली की ते कॉन्व्हेंट. मूल तीन वर्षांचं झालं की त्याला तिथं 'टाकायचं', हे अकोल्यातल्या मध्यमवर्गानं ठरवून टाकलेलं आहे. आता ऑटोचालक, गॅरेजमधला मिस्त्री, दालमिलमधला कामगारही तेच ठरवतो आहे.

महापालिकेची शाळा मात्र मूल सहा वर्षांचं होईपर्यंत वाट बघत बसते. पहिली ते आठवीचं शिक्षण देणं तिच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. त्याआधीच्या वर्गांचं तसं नाही. कुठे एखादी बालवाडी चालत असेल तर ती मर्जीनं चालते, हक्कानं नाही. मूल सहा वर्षांचं होतं तेव्हा त्याची तीन वर्षं दुसरीकडे गेलेली असतात. त्याचे दोस्त तिथं असतात, व्हॅनवाले काका ओळखीचे असतात, आईची मॅडमशी ओळख झालेली असते, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पहिलीचा वर्ग असतो. त्या घरानं पुन्हा महापालिकेच्या शाळेकडे का वळावं? जे वळतात ते बहुतेक फी भरू न शकलेले किंवा भरता भरता दमलेले असतात. मग पटसंख्या घटते आणि आपण सगळे मान हलवून म्हणतो, 'सरकारी शाळेत आता कोण जातं?'

म्हणून या अंकात एकच गोष्ट सांगायची आहे. सरकारी शाळा पहिलीच्या वर्गात हरत नाही, ती त्याच्या तीन वर्षं आधीच हरलेली असते. ती वाचवायची असेल तर तिचं दार तीन वर्षांच्या मुलासाठी उघडलं पाहिजे, आणि त्या दारामागे चांगला वर्ग असला पाहिजे. या मागणीसाठी आपण तरुणांनी उभं राहायला हवं.

हा प्रश्न आपला कसा?

मुसलमानांच्या शिक्षणाचा विषय निघाला की टीव्हीवरची चर्चा मदरशापासून सुरू होते आणि मदरशावरच संपते. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालानं हे चित्र केव्हाच खोडून काढलं आहे. शाळेत जाणाऱ्या मुस्लीम मुलांपैकी सुमारे ६६ टक्के सरकारी शाळांत, ३० टक्के खाजगी शाळांत आणि फक्त ४ टक्के मदरशांत होती. म्हणजे आपल्या मुलांचं शिक्षण कोणाच्या हातात आहे, या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर 'सरकारी शाळा' हे होतं. त्या शाळांचा पट घसरला, वर्ग एकत्र केले गेले किंवा शाळा बंद पडली, तर पहिला फटका आपल्याच गल्लीला बसतो.

ही नुसती भीती नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले होते. त्याला विरोध झाला, पण विचार संपलेला नाही. पट हा आता शाळेच्या जगण्या-मरण्याचा आकडा झाला आहे. हा पट पहिलीत मोजला जात असला, तरी ठरतो तो बालवाडीत.

दुसरा मुद्दा मुलींचा. घरात तीन-चार वर्षांचं लेकरू असेल, आई कामाला जात असेल किंवा घरीच शिलाई करत असेल, तर ते लेकरू कोण सांभाळतं? नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण. तिची शाळा आधी आठवड्यातून एक दिवस बुडते, मग दोन दिवस, मग वर्गात काय चाललं आहे हे तिला कळेनासं होतं. हजेरीपटावर तिचं नाव असतं, पण शिक्षण संपलेलं असतं. जवळ चांगली, विश्वासाची, वेळेवर उघडणारी बालवाडी असेल तर एका वेळी तीन माणसं सुटतात : लहान मूल, मोठी बहीण आणि आई. मुलींच्या शिक्षणावर भाषणं करणाऱ्या आपल्या मंडळींनी बालवाडीचा विषय 'लहान मुलांचा' म्हणून बाजूला ठेवू नये, तो याच कारणासाठी.

तीन ते सहा या वर्षांत होतं काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते. म्हणूनच त्या धोरणानं जुनी १०+२ ची रचना मोडून ५+३+३+४ ची मांडणी केली, आणि पहिल्या पाच वर्षांत बालवाडीची तीन आणि पहिली-दुसरीची दोन वर्षं धरली. धोरणाच्या इतर भागांबद्दल मतभेद आहेत, असायलाच हवेत. पण तीन वर्षांच्या मुलाला शिक्षणव्यवस्थेच्या आत घेणं ही गोष्ट योग्यच आहे.

याबद्दलचा जगातला सर्वांत चर्चेतला प्रयोग अमेरिकेतला. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ मध्ये तो सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं निवडली, त्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज सकाळी अडीच तासांची चांगली बालवाडी मिळाली, आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन आईशी बोलत. दुसऱ्या गटाला हे मिळालं नाही. ही मुलं चाळीस वर्षांची होईपर्यंत अभ्यासकांनी त्यांचा माग ठेवला. बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पुरं केलं, त्यांची कमाई अधिक होती, अटक होण्याचं प्रमाण कमी होतं. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी याच आकड्यांवरून हिशेब मांडला की लहान वयात केलेला खर्च समाजाला सर्वाधिक परत मिळतो.

या प्रयोगातली एक गोष्ट मात्र आपल्या पालकांना मुद्दाम सांगायला हवी. त्या मुलांच्या बुद्ध्यांकात सुरुवातीला दिसलेली आघाडी काही वर्षांत विरून गेली. टिकल्या त्या दुसऱ्याच गोष्टी : काम हातात घेतलं की ते पुरं करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आपल्याला काय हवं ते शब्दांत सांगता येणं. म्हणजे बालवाडीचा फायदा ए-बी-सी-डी लवकर पाठ होण्यात नाही. तो खेळण्यात, बोलण्यात, ऐकण्यात आहे. चार वर्षांच्या मुलाकडून चार रेघी वहीत पानं भरून घेणारं कॉन्व्हेंट महागडं असू शकतं, पण त्याला चांगली बालवाडी म्हणता येत नाही. चिंचोके मोजणारं, गोष्ट ऐकून मध्येच प्रश्न विचारणारं, ओल्या मातीचा बैल करणारं मूल जास्त शिकत असतं.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही. आराखड्यात राहिलेली चूक त्याच दिवशी सापडली तर अर्ध्या तासात निघते. तीच चूक ग्राहकाच्या हातात गेल्यावर सापडली तर अख्खी टीम आठवडाभर अडकते. आपण आठवीत 'गणित कच्चं आहे' म्हणून क्लास लावतो, दहावीनंतर मार्गदर्शन शिबिरं घेतो, बारावीनंतर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. ही कामं चांगलीच आहेत. पण ती सगळी उशिराची दुरुस्ती आहे.

ही कल्पना परकी नाही

आपल्या घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाहची रस्म करायची पद्धत आहे. नवे कपडे, मिठाई, आणि आजोबांच्या किंवा मौलवी साहेबांच्या तोंडून पहिली अक्षरं. शिक्षणाची सुरुवात चौथ्या वर्षी होते आणि ती आनंदाची गोष्ट असते, हे या समाजाला कुणी परदेशी तज्ज्ञानं येऊन शिकवलेलं नाही. मोहल्ल्यातला मकतब आजही आपण स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या व्यवस्थेनं चालवतो. जागा शोधणं, उस्तादांचा पगार गोळा करणं, मुलं वेळेवर येतात का हे बघणं ही सगळी कामं आपल्याला येतात. मकतब दीनी शिक्षणासाठी आहे, बालवाडीचं काम वेगळं आहे. एकानं दुसऱ्याची जागा घेऊ नये. पण मकतबसाठी जी चिकाटी आपण दाखवतो, तिच्यातली निम्मी जरी सार्वजनिक बालवाडीच्या मागणीसाठी लावली तरी चित्र बदलेल.

आणि 'अंगणवाडी' हा शब्द? तो तर महाराष्ट्राच्या मातीतला. लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी सुरू केलेल्या बालगृहाची पद्धत त्या दोघांनी आपल्या मातीत रुजवली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख, टोपल्या, दगड वापरायला शिकवलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत आयुष्यभर राहिल्या. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जायचं, हे तत्त्व त्यातून आलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. ज्या विचाराचा जन्म आपल्या राज्यात झाला, त्याच विचाराला आपण 'खिचडीची शाळा' म्हणून हिणवतो, हे बरोबर नाही.

कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. त्यात लहान मुलं वगळलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण मूलभूत हक्क झालं ते फक्त ६ ते १४ या वयासाठी. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढंच नव्या कलम ४५ मध्ये उरलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ सुद्धा तसंच आहे : तीन वर्षांवरील मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल'. 'करील' आणि 'करू शकेल' या दोन शब्दांमध्ये आपल्या मुलांची तीन वर्षं अडकलेली आहेत.

तरीही हातात काहीच नाही असं समजू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांना अंगणवाडीतून मिळणारा आहार हा हक्क केला. त्याहून महत्त्वाचा आहे सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, अशा ग्रामीण वस्तीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. मागणी करणं म्हणजे भीक मागणं नव्हे. मुलांची नावं, वयं आणि पत्ते यांची यादी करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे दिलेला, पोच घेतलेला अर्ज म्हणजे मागणी. नदीपलीकडच्या जुन्या शहरात किंवा अकोट फैलात अशी ४० मुलं मोजायला एक रविवार पुरतो.

अंगणवाडीत काय कमी पडतं

अंगणवाड्या असूनही पालक कॉन्व्हेंटकडे का जातात, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. शहरात अनेक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत चालतात. कुठे संडास नाही, कुठे खेळायला जागा नाही. एकाच खोलीत तीन वर्षांचं आणि सहाला टेकलेलं मूल बसतं. आणि एका सेविकेवर आहार, वजन-उंची, लसीकरणाची आठवण, गर्भवतींची नोंद, गृहभेटी, सर्वेक्षण आणि निवडणुकीची कामं असतात. या सगळ्यातून उरलेल्या वेळात तिनं शिकवायचं.

तिला मिळतं ते वेतन नाही, 'मानधन'. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या संपाची किती चर्चा झाली, हे प्रत्येकानं आठवून बघावं.

माझ्या क्षेत्राशी संबंधित एक मुद्दा इथे मांडतो. अंगणवाडीचं बहुतेक कामकाज आता 'पोषण ट्रॅकर' या अॅपवर नोंदवलं जातं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, कारण मोबाइल हलक्या क्षमतेचे होते आणि अॅप इंग्रजीत होतं. पुढे घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवण्याची पायरीही आली. कोणतीही प्रणाली बांधताना पहिला प्रश्न असतो : ही कोणासाठी आहे? ट्रॅकर वरच्या कार्यालयाला आकडे देण्यासाठी बांधला गेला, सेविकेचा वेळ वाचवण्यासाठी नाही. फोटो अपलोड होईना म्हणून सेविका वीस मिनिटं मोबाइलशी झगडत असेल, तर ती वीस मिनिटं गोष्टीच्या वेळेतून जातात. जे मोजलं जातं त्याकडेच लक्ष जातं. किलो-ग्रॅम मोजले जातात, पण आज मुलानं किती नवे शब्द वापरले याचा रकाना कुठेच नसतो.

याचा अर्थ अंगणवाडी सोडून द्यावी असा नाही. पंजाबनं १४ नोव्हेंबर २०१७ रोजी सरकारी प्राथमिक शाळांत तीन ते सहा वयाच्या मुलांचे वर्ग सुरू केले. मुलं शाळेत गेली तर आपल्या केंद्राचं काय, म्हणून तिथल्या अंगणवाडी सेविका रस्त्यावर आल्या. त्यातून शिकायचं ते असं, की शाळेचा वर्ग आणि अंगणवाडी एकमेकांच्या विरोधात उभे करू नयेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. महापालिकेच्या ज्या शाळांमध्ये पट घटल्यामुळे खोल्या रिकाम्या आहेत, त्या खोल्यांसाठी याहून चांगला उपयोग नाही. जवळच्या भाड्याच्या खोलीतली अंगणवाडी तिथं आली तर तिला अंगण मिळेल, शाळेला पहिलीची मुलं मिळतील, आणि सेविकेला शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेची सोबत मिळेल. मात्र वस्ती आणि शाळा यांच्यात मोठा रस्ता किंवा रेल्वेलाइन असेल तर अंगणवाडी वस्तीतच राहिली पाहिजे. तीन वर्षांचं मूल एकटं रस्ता ओलांडत नाही.

कोणत्या भाषेत?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. आपल्या घरात मूल जी भाषा बोलतं ती पुस्तकातली उर्दू नसते आणि पुस्तकातली मराठीही नसते. 'मेरेकू', 'कायकू', 'हौ' असं बोलत, मधूनच वऱ्हाडी शब्द पेरत ते वाढतं. या मुलाला तिसऱ्या वर्षी एकदम 'सिट डाउन, कीप क्वाएट'च्या वर्गात बसवलं की ते शांत होतं. पालकांना वाटतं, शिस्त लागली. खरं तर त्याचा आवाज बंद झालेला असतो. ज्या वयात त्यानं दिवसाला शंभर प्रश्न विचारायचे, त्या वयात त्याला प्रश्न विचारायची भाषाच उरत नाही.

घटनेचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला राज्यांना सांगतं. बालवाडीला ते तत्त्व आणखीच लागू आहे. अकोला महापालिकेच्या मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. उर्दू शाळेच्या बालवाडीत बाईंनी मुलाच्या घरच्या बोलीत बोलावं, आणि गाणी, गोष्टी, खेळ यांतून मराठी रोज कानावर पडावी. मराठी शाळेच्या बालवाडीत आलेल्या मुस्लीम मुलाचं 'मेरेकू' ऐकून कुणी हसू नये. सेविकेला त्याचं बोलणं कळावं. वाचायला-लिहायला नंतर पुष्कळ वर्षं आहेत. मराठी ही आपली भाषा आहे, हे मासिक तिच्यात निघतं. ती मुलाकडे खेळातून आली तर प्रेमानं येते, छडीतून आली तर परकी राहते.

इंग्रजीचं काय, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. नोकरीच्या बाजारात इंग्रजी लागते आणि ती आपल्या मुलांना यायलाच हवी. पण जे मूल एका भाषेत नीट विचार करायला शिकलं आहे त्याला दुसरी भाषा लवकर येते. ज्याला कुठलीच भाषा धड आली नाही त्याला कॉन्व्हेंटचा टाय काही वाचवत नाही.

आणखी एक गोष्ट या शहरापुरती. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, माणूस गेला, संचारबंदी लागली. त्यानंतर शांतता समितीच्या बैठका झाल्या. मोठी माणसं हॉलमध्ये बसून एकोप्यावर बोलली. ते आवश्यकच होतं. पण ज्यांनी लहानपणी एकमेकांच्या डब्यातला घास खाल्ला नाही, त्यांना विसाव्या वर्षी एकोपा शिकवायला किती बैठका लागतील? जठारपेठेतलं मूल आणि अकोट फैलातलं मूल एकाच पट्टीवर बसेल अशा जागा शहरात फार कमी उरल्या आहेत. फी घेणारं कॉन्व्हेंट ती जागा होऊ शकत नाही, कारण फीच माणसं निवडते. फक्त आपल्या समाजाची खाजगी नर्सरीही ती जागा होऊ शकत नाही. ती जागा फक्त सार्वजनिक बालवाडी देऊ शकते. म्हणून आपली मागणी 'मुसलमानांसाठी बालवाडी' अशी नको. शहरातल्या प्रत्येक महापालिका शाळेत बालवाडी हवी, आणि त्यात आपली वस्ती सुटता कामा नये.

आपण काय करायचं?

पहिलं काम मोजणीचं. आपल्या वस्तीत तीन ते सहा वयाची मुलं किती, त्यांतली अंगणवाडीत किती, कॉन्व्हेंटमध्ये किती आणि घरी किती, याची साधी यादी करा. शाळेत असूनही लहान भावंडामुळे घरी राहणाऱ्या मुली किती, हाही एक रकाना ठेवा. स्प्रेडशीट तुमच्यापैकी प्रत्येकाला येते. यादी फक्त अर्जासाठी वापरा. मुलांची नावं आणि फोटो ग्रुपवर फिरवू नका.

दुसरं काम शाळा व्यवस्थापन समितीचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असायला हव्यात. महापालिकेच्या शाळेत ही समिती अनेकदा कागदावर असते, कारण पालकांना तिच्याबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या भाभी, खाला, शेजारची आपा तिथं सदस्य असतील तर त्यांना बैठकीची तारीख विचारायला सांगा, आणि शाळेच्या विकास आराखड्यात बालवाडीची खोली, छोटे संडास आणि प्रशिक्षित शिक्षिका हे तीन मुद्दे लिहून घ्यायला लावा. कागदावर आलेली मागणी पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी दाखवता येते.

तिसरं काम नगरसेवकांशी. मत मागायला येणाऱ्याला आपण नाली आणि पेव्हर ब्लॉकबद्दल विचारतो. या वेळी बालवाडीबद्दल विचारा. मुंबई महापालिका आपल्या शाळांमध्ये बालवाड्या चालवते. मग अकोल्यानं का चालवू नयेत, हा प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर द्यावंच लागेल.

चौथं काम सेविकेला साथ देण्याचं. महिन्यातून एक शनिवार तिचं अॅपचं काम अडलं असेल तर बसून सोडवून द्या. जुनी चित्रांची पुस्तकं, मणी, ठोकळे, स्वच्छ सतरंजी द्या. आजी-नानींना गोष्ट सांगायला घेऊन जा. पण तिच्यावर देखरेख करायला आल्यासारखं वागू नका. तिच्या मानधनाच्या आणि पेन्शनच्या लढ्यात तिच्या बाजूनं उभे राहा. दमलेली, उपेक्षित बाई मुलांना हसत शिकवू शकत नाही.

पाचवं काम थोडं कठीण आहे. आपल्यातली शिकलेली, नोकरीला लागलेली कुटुंबं जुन्या वस्त्यांतून जठारपेठेसारख्या भागात येत आहेत. ते स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काही नाही. पण सरकारी शाळेला तिच्यासाठी भांडणारे पालक लागतात, आणि भांडू शकणारेच तिथून बाहेर पडले आहेत. आपलं मूल कुठे शिकतं हा प्रत्येक घराचा निर्णय आहे. मात्र शेजारच्या सार्वजनिक शाळेचं काय चाललं आहे, हा प्रश्न त्या शहरात कर भरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

धोरणानं २०३० पर्यंत सर्व मुलांपर्यंत दर्जेदार बालशिक्षण नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. आज आपल्या वस्तीत जन्मलेलं मूल तोवर बालवाडीच्या वयाचं होईल. त्याच्यासाठी वर्ग तयार असेल की नाही, हे मुंबई-दिल्लीत जितकं ठरेल तितकंच आपण पुढच्या काही रविवारी काय करतो यावरही ठरेल. यादीला सुरुवात करा.